आकाशांतील सजीव आणि पृथ्वीवरील माणूस



गेल्या रमजानमधील गोष्ट आहे. तरावीहची नमाज आटोपून आम्ही मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. मोहल्ल्यातील नववीत शिकणारा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चाचा, एक विचारू? रागावणार नाही ना?" मी मान हलविताच तो म्हणाला, "दुसऱ्या एखाद्या ग्रहावर आपल्यासारखी माणसे असतील, तर त्यांच्याकडे कोणते प्रेषित आले असतील? की त्यांना अल्लाहने तसेच सोडून दिले असेल?"

मी त्याला विचारले, "हे घरी विचारलेस का?" तो म्हणाला, "विचारले होते. आजोबा म्हणाले, तौबा कर, असल्या प्रश्नांनी ईमान जाते. मग मी पुन्हा विचारले नाही."

त्या मुलाच्या प्रश्नापेक्षा त्याचे शेवटचे वाक्य मला अधिक अस्वस्थ करून गेले. प्रश्न विचारणे त्याने थांबविले होते. परंतु प्रश्न त्याच्या मनातून गेला नव्हता. आपण उत्तर दिले नाही, तर तो ते दुसरीकडे शोधील, आणि दुसरीकडे मिळणारे उत्तर त्याला श्रद्धेच्या जवळच नेईल असे कोण सांगू शकेल? म्हणून या महिन्यात आपण हाच विषय घेऊ या.

शोध आज कुठवर आला आहे?

प्रथम वस्तुस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो या स्वित्झर्लंडच्या दोन खगोलशास्त्रज्ञांनी महाश्व तारकासमूहातील, आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधून काढला. या शोधासाठी त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून आजवर इतर ताऱ्यांभोवतीच्या पाच हजारांहून अधिक ग्रहांची खात्री पटली आहे. त्यांपैकी फार मोठा वाटा २००९ ते २०१८ या काळात कार्यरत असलेल्या केप्लर या अंतराळ दुर्बिणीचा आहे. २०१६ साली सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याभोवतीही एक ग्रह आढळला. हा तारा आपल्यापासून सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशालाही तेथून येथे पोहोचण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. २०१७ साली सुमारे चाळीस प्रकाशवर्षांवरील एका लहानशा ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह असल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी काहींवर पाणी द्रवरूपात राहू शकेल इतकेच तापमान असण्याची शक्यता आहे. आपल्या एका आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत आणि अशा दीर्घिका अगणित आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मुलाचा प्रश्न पोरकट नाही, हे मान्य करावे लागते.

माणसाने केवळ पाहिलेच नाही, तर कानही लावले आहेत. १९६० साली फ्रँक ड्रेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपली रेडिओ दुर्बीण जवळच्या दोन ताऱ्यांकडे वळवून तेथून कोणी बोलते आहे काय, याचा कानोसा घेतला. १९७४ साली पोर्तो रिकोतील अरेसिबो येथून सुमारे पंचवीस हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका तारकागुच्छाकडे संदेश पाठविण्यात आला. आपल्या महाराष्ट्रातही नारायणगावजवळील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना रात्रंदिवस आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपत आहेत. ताऱ्यांचे आणि दीर्घिकांचे स्वरूप त्यांतून उलगडते.

या सर्व प्रयत्नांचे फलित काय? आजवर कोणत्याही ताऱ्याकडून उत्तर आलेले नाही. पृथ्वीबाहेर माणूस तर दूरच, एक सूक्ष्म जंतूही निर्विवादपणे सापडलेला नाही. एखाद्या ग्रहावर पाणी असू शकते, एवढ्यावरून तेथे जीवन आहे असे सिद्ध होत नाही. शक्यता आणि पुरावा यांत अंतर असते आणि प्रामाणिक शास्त्रज्ञ ते अंतर कधी लपवीत नाहीत.

पवित्र कुरआन काय सांगतो?

आता ईशवाणीकडे वळू या. सूरह अश-शूराच्या एकोणतिसाव्या आयतीत (४२:२९) अल्लाहच्या संकेतचिन्हांचा उल्लेख आहे. आकाशांची आणि पृथ्वीची निर्मिती हे तर त्याचे चिन्ह आहेच. परंतु त्या दोहोंमध्ये त्याने पसरविलेले सजीव हेही त्याचे चिन्ह असल्याचे तेथे सांगितले आहे. शिवाय तो इच्छील तेव्हा त्या सर्वांना एकत्र करण्यास समर्थ आहे, असेही स्पष्ट केले आहे.

या आयतीत सजीवांसाठी आलेला मूळ अरबी शब्द 'दाब्बा' असा आहे. चालणारा, सरपटणारा, हालचाल करणारा जीव असा त्याचा अर्थ होतो. येथे कोणी म्हणेल की, आकाशांतील सजीव म्हणजे फरिश्तेच. काही भाष्यकारांनी तसा अर्थ घेतलाही आहे. परंतु सूरह अन-नहलच्या एकोणपन्नासाव्या आयतीत (१६:४९) आकाशांतील व पृथ्वीवरील 'दाब्बा' अल्लाहपुढे नतमस्तक होत असल्याचे सांगताना फरिश्त्यांचा निर्देश वेगळा केला आहे. म्हणूनच 'दाब्बा' आणि फरिश्ते ही दोन निरनिराळी निर्मिती असावी, असे अनेक विद्वानांना वाटले.

हा विचार आजच्या दुर्बिणींनी सुचविलेला नाही. इसवी सन ११४४ मध्ये निधन पावलेले भाष्यकार जमख्शरी यांनी या आयतीच्या विवेचनात काही शक्यता मांडल्या आहेत. एक अशी की, एखादी गोष्ट दोहोंपैकी एकातच असली तरी भाषेच्या रीतीप्रमाणे ती दोहोंत आहे असे म्हटले जाते. तेव्हा येथे पृथ्वीवरील सजीवच अभिप्रेत असतील. दुसरी अशी की, माणसे जशी जमिनीवर चालतात तसे चालणारे जीव अल्लाहने आकाशांतही निर्माण केले असतील, तर त्यात अशक्य असे काही नाही. त्यांच्यानंतर इमाम फखरुद्दीन राजी यांनीही (मृत्यू १२१०) ही शक्यता मान्य केली. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या प्रभावाखाली त्या काळी पुष्कळ पंडित असे मानीत की, जग एकच असू शकते, दुसरे जग असणे अशक्यच. राजींनी ते नाकारले. अल्लाहच्या सामर्थ्याला मर्यादा नाही. या जगापलीकडे याहून मोठी हजारो जगे निर्माण करणे त्याला मुळीच अवघड नाही, असे त्यांनी निक्षून मांडले. विसाव्या शतकात मौलाना सय्यद अबुल आला मौदूदी, ज्यांचा जन्म १९०३ साली आपल्याच मराठवाड्यातील औरंगाबाद येथे झाला, त्यांनीही आपल्या भाष्यात या आयतीचा रोख पृथ्वीबाहेरील जीवनाकडे असल्याचे नमूद केले आहे.

सारांश असा की, कुरआनने हे दार बंद केलेले नाही. आकाशांत सजीव असण्याची शक्यता मानणारा माणूस श्रद्धेबाहेर जात नाही. आजोबांनी नातवाला तौबा करण्यास सांगितले ते प्रेमापोटी, त्याच्या ईमानाच्या काळजीने. परंतु ज्या प्रश्नाचा आपल्या थोर भाष्यकारांनी शांतपणे विचार केला, त्या प्रश्नासाठी एका मुलाने तौबा का करावी?

दुसऱ्या बाजूची चूक

वाचकहो, एक चूक प्रश्न दडपण्याची आहे, तशी दुसरी चूक अतिउत्साहाची आहे. हल्ली मोबाइलवर असे संदेश फिरतात की, परग्रहावरील माणसांचा शोध कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वीच लावला. असा संदेश पुढे पाठविणाऱ्याची भावना चांगली असते; परंतु तो न कळत आयतीवर असे ओझे लादतो, जे तिने स्वतः उचललेले नाही. आयत सजीवांविषयी बोलते. ते कोठे आहेत, कसे दिसतात, बोलतात की नाही, हे ती सांगत नाही. जे अल्लाहने सांगितले नाही, ते त्याच्या नावावर सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नका. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांबाबत विचारणा होणार आहे, अशी ताकीद सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) दिलेली आहे.

यातील धोका समजण्यासाठी मंगळाची हकिगत पाहावी. १८७७ साली जिओव्हानी स्कियापरेली या इटालियन निरीक्षकाला मंगळाच्या पृष्ठभागावर रेषा दिसल्या. पुढे पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने त्या रेषा म्हणजे मंगळावरील बुद्धिमान रहिवाशांनी पाण्यासाठी खोदलेले कालवे असल्याचे ठासून सांगितले. लोकांनी विश्वास ठेवला, पुस्तके निघाली, चर्चा झडल्या. १९६५ साली मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने छायाचित्रे पाठविली. कालवे कोठेच नव्हते. होती ती ओसाड, खड्ड्यांनी भरलेली जमीन. त्या काळी एखाद्या उत्साही वक्त्याने लोवेलच्या कालव्यांना कुरआनच्या आयतीचा आधार जोडला असता, तर १९६५ साली त्याच्या श्रोत्यांनी कोणावर शंका घेतली असती? लोवेलवर की आयतीवर? विज्ञान आपले निष्कर्ष सुधारत पुढे जाते आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे. ईशवाणीला त्याच्या प्रत्येक नव्या बातमीशी बांधून टाकणे म्हणजे पायाचा दगड होडीला बांधण्यासारखे आहे.

या बाबतीत आपल्या पूर्वसूरींचा संयम अनुकरणीय आहे. सूरह अत-तलाकच्या शेवटच्या आयतीत (६५:१२) सात आकाशांबरोबर त्यांच्यासारख्याच पृथ्वींचाही उल्लेख आहे. तिच्या संदर्भात हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या नावे एक कथन आढळते. त्यानुसार इतर पृथ्वींवरही आदम (अ.) आणि नूह (अ.) यांच्यासारखे होऊन गेले. इमाम बैहकी यांनी हे कथन नोंदविले, त्याची परंपरा सही असल्याचे सांगितले, आणि तरीही ते 'शाज' म्हणजे एकाकी, इतर कोणाचे समर्थन नसलेले असल्याची नोंद करून ठेवली. कथन मनोरंजक होते. परंतु म्हणून त्यांनी त्यावर श्रद्धेची इमारत उभारली नाही.

मग माणूस लहान होतो काय?

आता त्या भीतीकडे येऊ या, जी बहुधा आजोबांच्या मनात होती. विश्वात आपल्यासारखे आणखी कोणी असेल, तर माणसाचे महत्त्व ते काय राहिले?

बंधूंनो आणि भगिनींनो, आपण सृष्टीत एकटे आहोत, असे इस्लामने आपल्याला कधी सांगितलेच नाही. आपण फरिश्त्यांवर श्रद्धा ठेवतो. आपण जिन्नांचे अस्तित्व मानतो. ते माणसाआधी निर्माण झाले, त्यांनाही चांगले-वाईट निवडण्याची मुभा आहे आणि त्यांच्यापैकी एका समूहाने कुरआन ऐकून त्यावर श्रद्धा ठेवली, ही हकिगत सांगणारी सूरह आपल्या घराघरात वाचली जाते. माणसाखेरीज दुसरी जबाबदार निर्मिती असणे, ही कल्पना मुस्लिम मुलाला परकी नाही. ती त्याने आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे.

माणसाच्या प्रतिष्ठेविषयी कुरआनचे शब्द किती मोजके आहेत, तेही पाहा. आदमच्या संततीला मान दिल्याचे सांगताना (१७:७०) अल्लाहने आपल्या निर्मितीपैकी पुष्कळांवर त्यांना श्रेष्ठत्व दिल्याचे म्हटले आहे. सर्वांवर असे म्हटलेले नाही. आणि आकाशांची व पृथ्वीची निर्मिती ही माणसांच्या निर्मितीहून मोठी गोष्ट आहे, परंतु बहुतेक लोक हे जाणत नाहीत, असे सूरह अल-मोमिनमध्ये (४०:५७) स्पष्ट बजावले आहे. ज्याने ही आयत मनापासून वाचली, त्याला शंभर अब्ज ताऱ्यांची संख्या ऐकून धक्का बसण्याचे कारण नाही.

मग माणसाचा मान कशात आहे? तो त्याच्या एकटेपणात नाही आणि विश्वातील त्याच्या जागेतही नाही. तो 'अमानत'मध्ये आहे. आकाशांनी, पृथ्वीने आणि पर्वतांनी जी जबाबदारी उचलण्यास भीतीने नकार दिला, ती माणसाने उचलली (३३:७२). एखाद्या वर्गात चाळीस मुले असोत की चारशे, ज्याच्या हाती उत्तरपत्रिका आहे त्याला ती लिहावीच लागते. शेजारच्या वर्गातही परीक्षा चालू आहे, असे कळल्याने त्याचे गुण कमी होत नाहीत आणि वाढतही नाहीत.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

आणि तेथे कोणी असलेच, तर त्यांचे प्रेषित कोण? या प्रश्नाचे नेमके उत्तर आपल्याला दिलेले नाही. परंतु अल्लाहची रीत कशी आहे, हे मात्र सांगितलेले आहे आणि तेवढे मनाच्या समाधानाला पुरेसे आहे. प्रेषित पाठविल्याखेरीज तो कोणाला शिक्षा देत नाही (१७:१५). सावध करणारा आला नाही असा एकही समाज नाही (३५:२४). प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत बोलणारा असतो (१४:४). सर्व प्रेषितांची हकिगत आपल्याला सांगितलेली नाही; काहींची सांगितली आहे, काहींची नाही (४०:७८). या आयती आपल्या पृथ्वीवरील मानवजातीविषयी आहेत, हे खरे. परंतु त्यांतून ज्या न्यायाचे दर्शन घडते, तो न्याय ज्याचा आहे, तो 'रब्बुल आलमीन' आहे, सर्व जगांचा पालनकर्ता आहे. जो वाळवंटातील एखाद्या टोळीलाही मार्गदर्शनाविना ठेवीत नाही, तो बुद्धी आणि निवड करण्याची शक्ती दिलेल्या दुसऱ्या कोणत्या निर्मितीला अंधारात ठेवील, असे मानण्यास काही आधार नाही. ते मार्गदर्शन कसे, केव्हा आणि कोणाकरवी, हे तोच जाणतो.

आपल्यापुरते मात्र काहीही अनिश्चित नाही. आपल्याकडे प्रेषित मुहम्मद (स.) आले, अंतिम ग्रंथ आला आणि तो आपल्या घरात फळीवर ठेवलेला आहे. परग्रहावरील लोकांना कोणता ग्रंथ मिळाला, हे आपल्याला कोणी विचारणार नाही; या ग्रंथाचे आपण काय केले, हे मात्र निश्चित विचारले जाईल.

मी त्या मुलाला थोडक्यात हेच सांगितले, आणि शेवटी म्हणालो, "बाकी अल्लाहु आलम." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?" मी म्हणालो, "नाही. आणि माहीत नाही असे म्हणणे हाही ईमानाचाच भाग आहे." तो हसला. त्याच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मला दिसले.

अनोळखी माणसाला सलाम

एक गोष्ट सांगून हे विवेचन पूर्ण करतो. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडण्यात आली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनिमुद्रिका आहे. कधी काळी कोणा अज्ञात सजीवांच्या हाती ती पडलीच, तर पृथ्वीवरील लोकांच्या शुभेच्छा त्यांना ऐकू याव्यात, म्हणून ५५ भाषांतील अभिवादने तिच्यात भरली आहेत. त्यांत आपली मराठी आहे, अरबी आहे आणि उर्दूही आहे. उर्दू अभिवादनाची सुरुवात सलामने होते. आपल्या ओठांवरचा तो शब्द आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे, माणसाने बनविलेली कोणतीही इतर वस्तू पोहोचली नाही इतका दूर गेला आहे.

हे वाचून आनंद वाटतो, आणि मग थोडी लाजही वाटते. ओळखीच्यांना आणि अनोळखी लोकांनाही सलाम करणे व भुकेल्यास जेवू घालणे, हे प्रेषितांनी (स.) इस्लामच्या उत्तम आचरणात गणले आहे. ज्याचे अस्तित्वही ठाऊक नाही, त्याला आपण अब्जावधी किलोमीटरवर सलाम पाठविला. आणि आपल्याच इमारतीच्या जिन्यावर रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? तो आपल्या धर्माचा असो वा नसो, त्याच्या घरी आज चूल पेटली की नाही, हे आपण कधी विचारले आहे काय? आकाशातील जीवन शोधणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे. ते त्यांनी करावे, आपल्या मुलांनीही शास्त्रज्ञ होऊन करावे. परंतु भिंतीपलीकडच्या माणसाला शोधण्यासाठी कोणत्याही दुर्बिणीची गरज नाही.

म्हणून पालकांना विनंती आहे. मुलांनी असे प्रश्न विचारले की घाबरू नका. एखाद्या रात्री, इशाच्या नमाजीनंतर त्यांना गच्चीवर न्या. उभे असता, बसले असता आणि पहुडले असता अल्लाहचे स्मरण करणाऱ्या आणि आकाशांच्या व पृथ्वीच्या निर्मितीवर चिंतन करणाऱ्या बुद्धिमंतांची प्रशंसा सूरह आले इमरानमध्ये (३:१९०-१९१) केलेली आहे, ती त्यांना समजावून सांगा. २००७ साली मलेशियाचे शेख मुजफ्फर शुकोर रमजानच्या महिन्यात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा तेथे किब्ला कसा ठरवावा, याचे मार्गदर्शन त्यांच्या देशातील विद्वानांनी तयार केले होते, हेही सांगा. शक्य असेल तर काबागृहाकडे, नाहीतर निदान पृथ्वीच्या दिशेने, आणि तेही जमले नाही तर जमेल त्या दिशेने तोंड करावे, असे त्यात होते. मुलांना कळू द्या की, माणूस कितीही दूर गेला, तरी सजदा त्याच्याबरोबर जातो.

आणि मुलाने एखादा प्रश्न असा विचारला की ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तर त्याचा हात हातात घेऊन प्रांजळपणे सांगा, "बाळा, मला माहीत नाही. अल्लाह जाणतो. चल, जे जाणता येईल ते दोघे मिळून शोधू या."

अल्लाह आपल्या सर्वांच्या ज्ञानात वाढ करो, आपल्या मुलांच्या अंतःकरणात श्रद्धा आणि जिज्ञासा एकत्र नांदू देवो, आणि जी अमानत आपण उचलली आहे ती पार पाडण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.